आमचं घरगुती एक्स्चेंज

चालू असलेली वस्तू मला बघवत नाही. बंद पडलेलं काही असेल तर ते माळ्यावर वर्षानुवर्षं धूळ खात पडो, माझी तक्रार नाही. पण एखादं यंत्र कोपऱ्यात बसून कुणाच्या अध्यात ना मध्यात असं मुकाट काम करताना दिसलं, की माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर कुठून येतो ते मलाही कळत नाही. आमच्या घरातला मिक्सर, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, वावरातल्या मोटरचा ऑटो स्विच हे सगळे चालत असतानाच माझ्या हाती सापडले. बायको म्हणते, ‘‘लोक बिघडलेलं दुरुस्त करतात. तुम्ही दुरुस्त असलेलं पाहून घेता.’’ मी याला संशोधन म्हणतो.

आमचं गाव अनसिंग. वाशीमहून पुसदकडे जाताना लागतं, शृंगऋषींचं देऊळ आहे, सोयाबीन आणि तूर पिकते. रस्त्याला लागून माझं कृषी सेवा केंद्र, मागच्या गल्लीत घर आणि गाव संपतं तिथं वावर. या तीन ठिकाणांमधली दूरसंचार व्यवस्था कित्येक वर्षं उत्तम चालली होती. म्हणजेच ती माझ्या नजरेत भरायला वेळ लागणार नव्हता.

व्यवस्था दोन पदरी होती. पहिला पदर म्हणजे बाबांची हाक. बाबा ओसरीवरच्या बाजेवर बसून हाक मारतात आणि रस्त्यानं ट्रक जात नसेल तर ती दुकानात माझ्यापर्यंत आणि मागे वावरातल्या कोठ्यात सालदारापर्यंत एकाच वेळी पोहोचते. तिला वीज लागत नाही, रेंज लागत नाही, आणि ‘ऐकू आली नाही’ असं खोटं सांगायची सोय नाही. दुसरा पदर बायकोचा मिस कॉल. एक मिस कॉल म्हणजे जेवायला या. दोन म्हणजे पाहुणे आले, येताना दूध आणा. तीन म्हणजे बाबा चिडले आहेत, इतक्यात येऊ नका. आता कॉल फुकट झाले, महिनाभर बोललं तरी जास्तीचा पैसा लागत नाही, असं मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, ‘‘पैशाचा प्रश्न नव्हताच कधी. उचलला की तुम्ही बोलता ना.’’

अशा घराला इंटरकॉमची गरज आहे हे एकट्या मलाच दिसलं.

दिसायला निमित्त झालं अकोल्याचं. बियाण्याची ऑर्डर द्यायला गेलो आणि परतताना भंगाराच्या दुकानात एक काळा चपटा डबा दिसला. मागे फोनची पिन जाईल अशी चार भोकं, नेटवर्कचं एक भोक, पुढे एक हिरवा दिवा. कुठल्यातरी बंद पडलेल्या लॉजमधून आला होता. भंगारवाला म्हणाला, राउटर आहे. मी खाली वाकून भोकं पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला. तो राउटर नव्हता, ते टेलिफोन एक्स्चेंज होतं. भंगारवाल्याला कळू नये म्हणून मी चेहरा पाडून भाव केला. त्यानं डबा किलोच्या दरानं मोजून दिला, त्यामुळे माझं अभिनयकौशल्य वाया गेलं.

या डब्याचं कूळ मोठं आहे. १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या एका कॉलेजातल्या पोरानं छोटी कंपनी काढली. तिला फोन एक्स्चेंज पाहिजे होतं, विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं कॉम्प्युटरवर चालणारं एक्स्चेंज स्वतःच लिहिलं. त्याचं नाव ॲस्टरिस्क. लिहून झाल्यावर त्यानं ते जगाला मोकळं करून दिलं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा डेव्हिड रो नावाचा इंजिनिअर म्हणाला, यासाठी आख्खा कॉम्प्युटर कशाला? त्यानं चार फोनांचं, तळहातावर मावेल इतकं एक्स्चेंज बनवलं आणि त्याचा नकाशासुद्धा सगळ्यांसाठी उघडा ठेवला. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या मंडळींबरोबर त्यानं खेड्यापाड्यांत फोन पोहोचवणाऱ्या उपकरणावरही काम केलं. म्हणजे ॲडलेड, आफ्रिका आणि मग सरळ अनसिंग, असा वारसा माझ्या पिशवीत डीएपीच्या बिलांखाली पडला होता.

घरी आलो, डबा पुसला, दोन जुने फोन जोडले, एकावरून दुसऱ्याचा नंबर दाबला. दुसरा वाजला. मुलीनं उचलला. ‘‘हॅलो बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘हॅलो,’’ मी म्हणालो. आवाज स्वच्छ.

इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता.

पण मी आत शिरून पाहिलं तर डब्यातलं सॉफ्टवेअर जुनाट होतं, सेटिंगच्या पानावर निम्मी अक्षरं चिनी होती, आणि मुख्य म्हणजे ते दुसऱ्या कुणीतरी बसवलेलं होतं. स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं हे सॉफ्टवेअर, बसवणाऱ्या माणसाला फोन नको असतो. त्याला डबा सुरू होताना पडद्यावर आपलं नाव उमटलेलं पाहिजे असतं. हे त्यानं कबूल करायचं नसतं, ‘सुरक्षेच्या दृष्टीनं अपडेट आवश्यक आहे’ असं म्हणायचं असतं. मी तसं म्हणालो. ‘‘कोणापासून सुरक्षा?’’ बायकोनं विचारलं. घरात दोन फोन, एक तिच्या हातात आणि एक माझ्या. प्रश्नाचा रोख मला आवडला नाही.

अशा डब्यातलं फर्मवेअर बदलता येतं याला एक कायदेशीर पाया आहे. अशा डब्यांच्या आत चालणारं लिनक्स ज्या परवान्याखाली मिळतं त्याची अट अशी, की ते वापरून वस्तू विकाल तर त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, मागेल त्याला द्यावा लागेल. त्यानं तो बदलावा, वाटावा, फक्त पुढच्यालाही तीच मोकळीक द्यावी. २००३ साली लिंक्सिसच्या एका निळ्या-काळ्या राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं. त्यांनी अट दाखवली, कंपनीला सोर्स द्यावा लागला, आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे मोकळं फर्मवेअर जन्माला आलं. आज जगभर माझ्यासारखी माणसं रात्री-बेरात्री चांगले चालणारे राउटर बंद पाडतात त्याचा उगम हा असा आहे.

तर मी ओपनडब्ल्यूआरटी बांधायला घेतलं. बांधणं हा शब्द बरोबर आहे. डब्यातला प्रोसेसर वेगळ्या जातीचा, लॅपटॉपचा वेगळ्या. म्हणून आधी लॅपटॉपवर असा कंपायलर तयार करायचा जो डब्याच्या भाषेत लिहील. तो कंपायलर तयार करायला दुसरा कंपायलर लागतो. मग लायब्ररी, मग कर्नल, मग ॲस्टरिस्क. पंगत वाढायची म्हणून आधी कुंभाराकडे जाऊन माती मळण्यापासून सुरुवात करावी, तसा हा कारभार. इतकं सगळं इंटरनेटवरून उतरवायचं म्हणजे काही जीबींचा ऐवज. माझ्या मोबाइलचा रोजचा डेटा सकाळी दहाला संपायचा, मग बायकोचा, मग मुलीचा. दुपारनंतर आमच्या घरात मिस कॉल सोडला तर दळणवळणाचं काही साधन उरायचं नाही.

लॅपटॉप दुकानाच्या काउंटरवर ठेवला होता. कंपाइल सुरू झालं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जातात, तासन् तास. त्यातली एकही वाचायची नसते, फक्त मान डोलवायची असते. दुकानात आलेल्या एका काकाजींनी ते पाहिलं आणि पिशवीतून सात-बारा, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक काढून माझ्यासमोर ठेवलं.

‘‘हे काय काकाजी?’’

‘‘विमा भरनं चालू हाये ना?’’

‘‘नाही, हे फोनचं आहे.’’

‘‘हाव, मोबाइल नंबर लिंक हाये माहा,’’ ते म्हणाले आणि खताच्या पोत्यावर बसले. दहा मिनिटांत आणखी दोघं आले. काकाजींनी त्यांना सांगितलं, ‘‘सर्व्हर चालू हाये. पाह्य कसा पळून राह्यला.’’ पंधरा मिनिटांत रांग लागली. खरीप हंगामात शेतकऱ्याला पळणारा सर्व्हर दिसणं ही साधी गोष्ट नाही. हा सर्व्हर नाही असं मी ओरडून सांगत होतो आणि जितकं जास्त सांगत होतो तितकं लोकांना वाटत होतं, की याला आपल्या माणसांचं आधी करायचं आहे. शेवटी ओळी थांबल्या आणि खाली लाल अक्षरांत ‘एरर’ आलं. रांगेतून एकच सुस्कारा उठला. काकाजींनी कागद पिशवीत परत घातले. ‘‘गेला,’’ ते म्हणाले. ‘‘उद्या येतो भाऊ. सकाळी लवकर चालते थो.’’

एरर होतं आकाराचं. डब्याची कायमची मेमरी आठ एमबी. माझं फर्मवेअर त्याहून मोठं झालं होतं, कारण यादीतला जो जो पर्याय दिसला त्याच्यापुढे मी खूण केली होती. अरबी तारखा, छपाईयंत्र जोडायची सोय, हवामान केंद्राशी बोलायची सोय, सगळं. आता काटछाट आली. सगळ्यात जास्त जागा खात होते आवाज. ॲस्टरिस्कसोबत ॲलिसन स्मिथ या बाईंच्या आवाजातल्या इंग्रजी सूचना येतात, अतिशय सौजन्यपूर्ण. फोनचा आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजला जातो, दर मोजणीला एक बाइट, म्हणजे एक मिनिट बोलणं हे जवळजवळ अर्धा एमबी. बाईंना मी निरोप दिला आणि मुलीच्या आवाजात आवश्यक तेवढंच भरलं: ‘नमस्कार. जेवणासाठी एक दाबा. पाहुण्यांसाठी दोन दाबा. आबा रागावले असल्यास तीन दाबा.’ आबा म्हणजे माझे बाबा. बायकोचीच पद्धत मी आधुनिक केली होती. तिला हे कळवायचं मात्र मी राखून ठेवलं.

फर्मवेअर चढवताना एकच नियम असतो: मधे वीज जाता कामा नये. डबा आधी जुनं पुसतो, मग नवं लिहितो. मधे वीज गेली तर जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट. हा नियम मी अतिशय गांभीर्यानं घेतला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकलं, लॅपटॉप चार्ज केला, घरातले पंखे बंद करवले. बोर्डावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: ‘या बटणाला हात लावू नये.’ रात्री सगळे झोपायला गेल्यावर काम सुरू केलं. दिवा लुकलुकू लागला. पुसणं झालं, लिहिणं सुरू झालं.

आमच्या बाबांना एक सवय आहे. घरात वीज आली तेव्हापासून ते रोज रात्री झोपण्यापूर्वी फिरून सगळी बटणं बंद करतात. चष्मा मात्र त्याआधीच काढून उशाशी ठेवलेला असतो. अंधारात हात भिंतीवरून फिरत आला, कागदावरून फिरला, ‘‘हे काय चिकटवलं इथं?’’ असं पुटपुटला, आणि कट्.

वादळ नव्हतं, पाऊस नव्हता. सगळ्या गावात लाइट होती.

मेलेला डबा जिवंत करता येतो. आतल्या पट्टीवर तीन-चार बारीक छिद्रं असतात, त्यांतून डबा आपली अवस्था अक्षरांत सांगत असतो. त्याला सीरियल म्हणतात. छिद्रांना तारा डाखवायच्या, त्या एका छोट्या केबलमधून लॅपटॉपला जोडायच्या. डाखणी माझ्याकडे नव्हती म्हणून मी पाण्याच्या मोटरी बांधणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याची डाखणी पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीला शोभेल अशी. त्यानं पट्टीवरची छिद्रं पाहिली, मग डाखणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘भाऊ, याले मुंगीच्या पायाएवढं टोक पाह्यजे.’’ शेवटी त्यानं डाखणीला तांब्याची बारीक तार गुंडाळली आणि तिच्या टोकानं काम केलं. त्या माणसाला मी आजही मानतो.

जोडलं, पण पडद्यावर काही येईना. डब्याच्या बोलण्याची तार लॅपटॉपच्या बोलण्याच्या तारेला लावली होती आणि ऐकण्याची ऐकण्याच्या. दोघंही बोलणारे, ऐकणारं कुणी नाही. ग्रामसभेला नियमित जात असल्यामुळे दोष चटकन लक्षात आला. तारा अदलाबदल केल्या तर नुसता चिन्हांचा कचरा. वेग चुकीचा होता. तो १,१५,२०० ला आणला आणि कचऱ्यातून अक्षरं उमटली. वीज दिल्यावर पहिले काही क्षण डबा विचारतो, एखादं बटण दाबता का? तेवढ्यात दाबलं तर तो आपल्या हाती येतो आणि नवं फर्मवेअर लॅपटॉपवरून ओढून घेतो. चुकलं, की पुन्हा बंद करून पुन्हा चालू. मी एका हातानं बटण आणि दुसऱ्या हातानं प्लग असा बसलो. बाबांना बोर्डापासून लांब ठेवायला मुलीला पत्त्यांचा डाव मांडायला लावला. त्या रात्री डबा उठला. पडद्यावर माझं नाव उमटलं. मी सगळ्यांना दाखवायला बोलावलं. बायको म्हणाली, ‘‘आडनाव चुकलं.’’

आता फोन. बाबांसाठी माळ्यावरचा जुना काळा चकतीचा फोन काढला. तो चांगला होता, म्हणजे मी कधी उघडला नव्हता. बटणांच्या फोनात प्रत्येक आकड्याचे दोन सूर असतात. ही पद्धत १९६३ पासूनची, आणि माझ्या डब्याला तीच कळत होती. चकतीचा फोन सूर काढत नाही, ठोके देतो. एक फिरवला तर तार एकदा तुटते-जुळते, शून्य फिरवलं तर दहा वेळा. ते ठोके मोजण्याचा भाग मी आठ एमबीच्या नादात छाटला होता. बाबा शून्य फिरवत आणि डब्याला वाटे यांनी दहा वेळा फोन आपटला. तो घाबरून लाइन तोडून टाकी. बाबांचा स्वभाव डब्यानं इतक्या लवकर ओळखावा याचं आम्हाला कौतुक वाटलं.

‘‘मंग मले फोन करता येनार नाई?’’

‘‘नाही. पण आलेला घेता येईल.’’

‘‘कोनाचा येनार हाये?’’

‘‘माझा. दुकानातून.’’

‘‘मंग मीच नाई करत तेच बरं हाये.’’

मी दुकानातून केला. घरी फोन वाजत राहिला, बाबा शेजारी बसून राहिले. नंतर म्हणाले, ‘‘आपला नोहे थो. आपला असा नाई वाजत.’’ आणि ते खरं होतं! डबा अमेरिकन पद्धतीनं वाजत होता, दोन सेकंद लांब रिंग आणि चार सेकंद शांतता. आपली रिंग जोडीनं येते: ४०० मिलिसेकंद वाजायचं, २०० थांबायचं, पुन्हा ४००, मग दोन सेकंद विश्रांती. ट्रिंग-ट्रिंग. ॲस्टरिस्कमध्ये देशोदेशीच्या रिंगांची एक फाइल असते, तिच्यात भारताची ओळही आहे. बाबांनी ती कधी वाचलेली नसताना कानानं ओळखली होती. मी फाइल दुरुस्त केली. पुढच्या वेळी त्यांनी पहिल्याच ट्रिंगला उचलला.

उचलला आणि बोलत सुटले. फोनच्या दोन तारांतून जाणारा आणि येणारा आवाज एकत्र धावतो. तो वेगळा करताना थोडा सांडतो आणि बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत येतो. तो गाळून टाकणारा एक सुंदर भाग याच डेव्हिड रोनं लिहिला आहे. मी तोही छाटला होता. बाबा म्हणत, ‘‘यंदा तूर पेरायला पाह्यजे होती.’’ तिकडून येई, ‘‘पाह्यजे होती.’’ जन्मात पहिल्यांदा घरातलं कुणीतरी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं मान्य करत होतं. मी फोन ठेवून दिला तरी ते बराच वेळ बोलत होते.

तेवढ्यात उन्हाळा आला. आमच्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. डबा दुपारी बारानंतर मान टाकू लागला. मी त्याला घरातल्या सगळ्यात थंड जागी, देवघराच्या खालच्या फळीवर ठेवलं आणि समोर टेबल फॅन लावला. तो टेबल फॅन बाबांचा होता. बाबा घाम पुसत डब्याकडे पाहत बसायचे.

मला अशा वेळी सी-डॉटची फार आठवण येई. १९८४ साली सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं ही सरकारी संस्था उभी राहिली, छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये एवढा वायदा करून. तिच्या तरुण इंजिनिअरांनी खेड्यांसाठी १२८ लाइनींचं एक्स्चेंज बनवलं आणि १९८६ मध्ये ते कर्नाटकात कित्तूरला बसवलं. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे. हे आपल्या धुळीत आणि उकाड्यात तसंच चालायचं. पुढे गावोगाव जे फोन वाजले, पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले, त्यामागे ही मेहनत होती. तिथल्या लोकांनी आधी विचारलं असणार, की खेड्यात काय नसतं? वीज नसते, एसी नसतो, मिस्त्री लांब असतो, आणि त्याप्रमाणे यंत्र आखलं. मी विचारलं होतं, की यादीत काय काय आहे? मी हा इतिहास बाबांना रंगवून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘किती लाइनी म्हनल्या त्याईच्या?’’

‘‘एकशे अठ्ठावीस.’’

‘‘पंख्याबिगर?’’

‘‘हो.’’

‘‘आन् तुह्या?’’

मी विषय बदलला आणि वावरात लाइन टाकायचं जाहीर केलं.

बांधाच्या कडेनं तार ओढली, कोठ्यात फोन बसवला, नंबर दिला १०३. जोड करताना तारेवरचं प्लास्टिक सोलायला चाकू नव्हता. मी दातांनी सोललं. फोनच्या तारेत एरवी अठ्ठेचाळीस व्होल्ट असतात, ते सोसतात. पण रिंग वाजवायला डबा त्याच तारेत पाऊणशे व्होल्टच्या आसपास दाब सोडतो, सेकंदाला वीस-पंचवीस हेलकावे देत. हे मला पाठ होतं. मुलीला माहीत नव्हतं. ती घरी बसून पाहत होती, की माझी लाइन लागली का.

लागली होती.

भारतीय रिंग जोडीनं येते हे मी वर सांगितलंच आहे. दोन्ही माझ्या दातांत वाजल्या. सालदारानं मला बांधावरून उचललं आणि अत्यंत काळजीनं विचारलं, ‘‘कोनाचा फोन होता भाऊ?’’

एवढं सगळं झाल्यावर व्यवस्था पूर्ण झाली. घर १०१, दुकान १०२, वावर १०३. पहिल्या दिवशी दुपारी बायकोनं स्वयंपाकघरातून दुकानचा नंबर लावला. तिला आपल्याच मुलीचा आवाज आला: ‘नमस्कार. जेवणासाठी एक दाबा…’ तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फोन ठेवला. मग माझा मोबाइल वाजला. एकदा नाही, दोनदा नाही. तीनदा. बाबा तर खुशीत होते. चिडलेलं दुसरंच कुणी होतं, आणि तिच्या पद्धतीत त्यासाठी वेगळा आकडा नव्हता.

नंतर कित्येक दिवस डबा नुसता चालू होता. कुणी कुणाला फोन करत नव्हतं. चालू असलेला, न वापरला जाणारा फोन. काही न बिघडवता मी त्याच्याकडे इतका काळ पाहिलं, हा माझा विक्रम असावा.

मग हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, आले. आमच्या भागात रोह्यांचा आणि रानडुकरांचा कळप रात्रीतून उभं पीक आडवं करतो. सालदार जागलीला जायचा, फटाके फोडायचा, डबे वाजवायचा. एका रात्री १०३ चुकून वाजला, चुकून म्हणजे मी मध्यरात्री काहीतरी तपासत होतो, आणि कोठ्याजवळ आलेला कळप त्या घंटीनं उधळला. सकाळी सालदार धावत आला. ‘‘भाऊ, तुमच्या फोनले पह्यल्यांदा कोनी घाबरलं!’’ मी लगेच डब्याला कामाला लावलं: रात्रभर थोड्या थोड्या वेळानं आपोआप १०३ वाजवायचा. रोही आठवडाभर घाबरले. नंतर त्यांना वेळापत्रक कळलं. ते घंटी संपेपर्यंत बांधावर थांबायचे आणि मग आत यायचे.

ओसरीवर चर्चा चालू असताना बाबा म्हणाले, ‘‘घंटी कायले पाह्यजे? माहा आवाज टाक त्यात.’’

घरात शांतता पसरली. इतकी साधी सूचना कुणालाच सुचली नव्हती. मी त्यांच्यासमोर फोन धरला आणि त्यांनी वावरात चोर शिरल्याची कल्पना करून जे सुनावलं ते मी इथे छापू शकत नाही. जागा पुरेना म्हणून ‘जेवणासाठी एक दाबा’ वगैरे सगळं पुसून टाकलं. निवडणुकीच्या प्रचारातला एक जुना भोंगा आणि बॅटरी मिळवली, १०३ च्या रिसीव्हरच्या तारा त्याला जोडल्या. डब्यात एकच ओळ बदलली: रिसीव्हर उचलला, की नंबर न दाबता थेट बाबा सुरू, आणि मधलं अंतर दर वेळी वेगळं. सालदार झोपताना रिसीव्हर काढून ठेवतो. रात्री कधी दोन मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी हरभऱ्यावरून बाबांची हाक जाते. स्पेन्सर, रो, आठ एमबी आणि दोन कंपायलर यांच्या खांद्यावर बसून शेवटी आमच्या घरची हाकच वावरात पोहोचली. रोह्यांना तिचा अंदाज अजून लागलेला नाही. आम्हाला इतक्या वर्षांत लागला नाही, त्यांना काय लागणार?

बाबा आता सकाळी सालदाराला विचारतात, ‘‘काल किती पळवले म्या?’’ टेबल फॅन त्यांनी स्वतःहून डब्याला देऊन टाकला आहे.

परवा शेजारच्या वावरवाले पाटील आले. त्यांना असाच डबा पाहिजे होता, ‘‘पन आमच्याकडं डुकरं जास्त, तं शिव्या जराशा वाढवून द्याल का?’’ मी त्यांना परवान्याची अट समजावून सांगितली: मोफत घ्या, हवे ते बदल करा, पुढे वाटा, मात्र वाटताना मूळ सोर्स लपवता येणार नाही. पाटील म्हणाले, ‘‘मंग थो सोर्स कुठी भेटंल?’’

मी म्हणालो, ‘‘ओसरीवर. पण चहा झाल्यावर या, त्याआधी तो न मागताच सुरू होतो.’’